लाडकीआजीचा उजवा हात

मासवणकडच्या त्या पाड्यावर लाडकीआजीचा हात खांद्यावर न पडलेलं ख्रिस्ती पोर शोधायचं म्हणजे मे महिन्यात ओढ्यात पाणी शोधण्यासारखं. दृढीकरणाच्या, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याच्या संस्काराच्या दिवशी बिशप पोराच्या कपाळावर तेलाने क्रूस काढतात आणि पोर 'आमेन' म्हणतं. त्या वेळी मागे उभं राहून एका मोठ्या माणसाने पोराच्या खांद्यावर उजवा हात ठेवायचा, अशी चर्चची रीत. हे पोर एकटं नाही, याच्या श्रद्धेला आम्ही जामीन, असा त्याचा अर्थ. पण पाड्यावरचे आईबाप कोणी वीटभट्टीवर, कोणी बोईसरच्या कारखान्यात. मग हात कोणाचा? लाडकीचा. एका वर्षी तर तिच्या वाट्याला इतकी पोरं आली, की ती रांगेमागून सरकत सरकत बिशपांच्या बरोबरीने शेवटापर्यंत गेली. बिशप हसून म्हणाले, "बाई, माझं तेल संपेल, पण तुमचा हात संपायचा नाही."

तो हात मागल्या वर्षी संपला. भात झोडताना लाडकी बसली ती उजवी बाजू गमावूनच उठली. पाय हळूहळू वळणावर आला. हात मात्र वाळल्या दुधीसारखा लोंबत राहिला. सुई टोचली तरी कळेना. शेजारची नवसी डोळ्याला पदर लावायला लागली, तशी लाडकी म्हणाली, "रडतेस काय? हात माझा गेला, आणि भाकरी तुझी करपते!"

पावसाळा सरता सरताची गोष्ट. भर दुपारी लाडकी ओटीवर डाव्या हाताने नागली निवडत होती. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. आणि त्या मेलेल्या हाताखाली खांदा आला.

माणसाचा खांदा. घामाने भिजलेला, जाड कापडातला. गळ्याजवळच्या हाडाला गाठ होती. ती गाठ लाडकीला ठाऊक होती. लहानपणी जांभळीवरून पडून हाड मोडलेला मिथुन, तिच्याच हाताखाली दृढीकरण झालेला, आता बोईसरच्या कारखान्यात लागलेला. खांदा थरथरत होता. लाडकीने मांडीकडे पाहिलं. तिथे लुगडं आणि हात, बाकी काही नाही. थोड्या वेळाने थरथर थांबली आणि खांदा निघून गेला.

संध्याकाळी मिथुनचा फोन आला. "आजे, आज टाकीत उतरत होतो. कोणीतरी खांदा धरला. वळून बघतो तर कोण नाय! तेवढ्यात वरून साहेब बोंबलला, उतरू नको, आत वायू हाय."

"मग तू काय म्हटलंस?"

"काय म्हणणार? आमेन म्हटलं."

पुढे बेटेगावला दारूच्या गुत्त्यासमोर उभ्या असलेल्या मेहुलला, तोही तिच्याच हाताखालचा, तसंच झालं. तो न पिता घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तणतणत आला, "आजे, निदान पगाराच्या दिवशी तरी हात काढत जा ना!" पाडा खो खो हसला. मग आणखी दोघांचं तसंच झालं आणि हसणं कमी झालं. लाडकीच्या ओटीसमोरून जाताना पोरं आता तिच्या तोंडाकडे न बघता तिच्या मांडीकडे बघत. खरं सांगायचं तर लाडकीलाही त्या हाताचं भय वाटू लागलं होतं. ती तो पदराखाली झाकून बसायची. ती काही करत नव्हती. जे काय करत होता तो हात.

यंदा दृढीकरणाला तिची नात होती, दीपा. मुलाची मुलगी, लाडकीनेच वाढवलेली. धर्मशिक्षणाचा वर्ग लाडकीच घ्यायची. पोरं विचारायची, "आजे, पवित्र आत्मा येतो म्हणजे भगतासारखं घुमायचं काय?"

"घुमायचं नाय रे. सरळ उभं रायचं. तेच कठीण हाय."

सगळी हसली. दीपा हसली नाही. घरी आल्यावर तिने सांगून टाकलं, "आजे, मी नाय उभी राहणार."

लाडकीच्या मनात आलं: सगळ्या पाड्याच्या पोरांना देवासमोर उभं केलं, आणि आपल्याच घरातलं पोर मागे फिरतंय. "देव नको झाला तुला?"

"देव पाहिजे. तुझा हात नको." दीपाला रडू फुटलं. "तू एकदा ठेवलास की उचलतच नाय. मी उद्या बोईसरला जाईन, कोणाशी बोलेन, कुठे बसेन, आणि तू इथून चाचपत बसशील. मला जन्मभर खांद्यावर कोण नको."

लाडकीने डाव्या हाताने चुलीतलं लाकूड आत सारलं. तिला मंगळी आठवली. तिच्या स्वतःच्या दृढीकरणाला हात ठेवणारी म्हातारी. गवत कापताना विळ्याने मंगळीची करंगळी गेली होती. चार बोटांचा तो हात खांद्यावर पडला तेव्हा लाडकीलाही वाटलं होतं, ही बया आता घरापर्यंत येणार.

"मी नाय ठेवत," ती म्हणाली. "शेजारची तेजल ठेवेल. मी मागे बसेन. पण तू उभी राहा. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी."

"शपथ?"

"चर्चमधल्या बाईला शपथ मागतेस? जा, जेव."

संस्काराच्या दिवशी चर्च माणसांनी फुलून गेलं होतं. पंखे गरम वारा ढकलत होते. लाडकी शेवटच्या बाकावर बसली. उजवा हात मांडीवर घेऊन तिने त्यावर डावा घट्ट दाबून धरला, शेजारच्याच्या परड्यात घुसणारी शेळी धरावी तसा. दीपाची पाळी आली. तिच्यामागे तेजल, शेजारच्या घरातली सून. तेजलने हात ठेवला. बिशपांचा अंगठा तेलात बुडाला.

आणि लाडकीच्या हाताखाली खांदा आला. बारीक, हाडकुळा, पाखरासारखा धडधडणारा.

"नाय," लाडकी पुटपुटली. "शब्द दिलाय मी." हात तिचं ऐकेना. तिने डोळे मिटले, दात आवळले, आणि मिठाचं पोतं उचलावं तसा तो मेलेला हात मनाने उचलायला घेतला. घाम फुटला. एक बोट सुटलं. मग दुसरं. मग सगळा हात सुटला, आणि त्याच्याखाली काही राहिलं नाही.

पुढे बिशपांचा आवाज आला. मग शांतता. दीपाचं 'आमेन' येईना.

त्या शांततेत लाडकीला स्वतःच्या उजव्या खांद्यावर ओझं जाणवलं. नवं नव्हतं ते. इतकी वर्षं ती त्याला सांधेदुखी समजून तेल चोळत आली होती. आज पहिल्यांदा तिने बोटं मोजली. चार. करंगळीची जागा रिकामी होती. मागे वळून पाहायचा धीर तिला झाला नाही. मागे भिंत होती, हे तिला माहीत होतं.

"आमेन," दीपा म्हणाली. उशिरा, पण खणखणीत.

मिस्साची उपासना संपल्यावर दीपा धावत आली. कपाळावर तेल चमकत होतं. सुगंधी तेलाचा वास आजीपर्यंत आला.

"तू ठेवला होतास ना?"

"ठेवायचा नव्हता गं. आपोआप गेला. मग उचलला."

"कळलं मला." दीपाचा चेहरा पांढराफटक होता. "तेजलवहिनीचा हात होता, तरी तुझा निघाला तेव्हा मागून सगळं उघडं पडल्यासारखं वाटलं. तोंडातून शब्द फुटेना."

"मग फुटला कसा?"

"माझा मीच काढला."

"बस्स," लाडकी म्हणाली. "त्याच्यासाठीच तर वर्षभर घसा फोडला मी."

दीपा तिच्यापुढे पाठ करून बसली. आजीचा निर्जीव हात दोन्ही हातांनी उचलून तिने आपल्या खांद्यावर नीट ठेवला, आणि वजनाने किंचित वाकली.

"आजे, केवढा जड हाय गो तुझा हात!"

लाडकीने आपल्या खांद्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या एकटीचा नाय तो," ती म्हणाली.