वाराला तोड

दर मंगळवारी सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात बायकोची केमो चालू असताना शेजारच्या खुर्चीवर एक मराठी गृहस्थ भेटत. शहरातल्या क्वीन्सटाउन भागात राहणारे, बँकेतले, आणि हॉस्पिटलातही टाय लावून येणारे. केमो त्यांचीही चालू होती. नाव मी कधी विचारलं नाही; त्या खोलीत माणसं आधी आजार विचारतात.

इंटरनेटवरून छापून घेतलेली चित्रं ते बघत बसत. जुन्या जर्मन तलवारबाजीच्या हस्तलिखितांतली. सरदारी थाटाचं मला मुळातच हसू येतं, आणि इथे तर पट्ट्यापट्ट्यांच्या घट्ट तुमानी घातलेले दोन वीर. एकाची तलवार दुसऱ्याच्या गालातून आरपार, तरी दुसऱ्याचा चेहरा बसची वाट बघत असल्यासारखा.

"याला दुखत नाही का हो?" मी विचारलं.

"शिकवणीचं पुस्तक आहे. विद्यार्थी घाबरून पळाले तर गुरुजी खाणार काय?" मग पुढच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "पण प्रत्येक वाराला तोड दिलीय बघा. त्या तोडीलाही तोड."

"अंकल, युअर टर्न लाह," नर्सने सिंगापुरी ढंगात हाक मारली. औषधाचा उपयोग होतोय का, ते डॉक्टर त्या दिवशी सांगणार होते.

ते लवकरच बाहेर आले. तिथे सगळे एकमेकांना विचारतात तेच मी विचारलं, "पुढचा वार कोणता?"

"आता वार नाही. औषध बंद केलं त्यांनी." त्यांनी टायची गाठ सारखी केली. "वहिनींचा?"

"मंगळवारच," मी म्हणालो, आणि मला उगीचच चोरट्यासारखं झालं.

"चांगला वार आहे," ते म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.