पुण्याचा कॉम्प्युटर, सांगलीचा मास्तर

मास्तरकीत पैसा साठत नाही, किस्से मात्र न मागता साठतात. त्यातून मी सत्तरच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायचो, म्हणजे तर बघायलाच नको!

नोकरीची बातमी द्यायला साताऱ्याजवळच्या गावी गेलो. वडील फौजेतून निवृत्त झालेले.

"काय शिकवनार?"

"कॉम्प्युटर."

"कुठं हाय त्यो?"

"पुण्याला."

"मग तू सांगलीत काय करनार हाईस रं?"

* * *

हाच प्रश्न आमच्या प्रिन्सिपलांनाही पडला होता. "दिवाळीपर्यंत पोरांचा एक तरी प्रोग्रॅम चालवून दाखवा. नाहीतर विषय बंद, आणि तुम्ही परत सर्व्हेइंगला!"

या नोकरीआधी हिंडलो तसं पुन्हा उन्हात जमीन मोजायची दुर्बीण घेऊन हिंडायचं? छे! मी हट्टालाच पेटलो.

* * *

तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. तो एसटीने पुण्याला न्यायचा. पहिल्याच खेपेला मशीनने तो नाकारला. का, तर एक स्वल्पविराम राहिला होता!

इस्लामपूरचा आमचा विद्यार्थी शिवाजी हबकलाच. "सर, ह्यो तर आमच्या मिलिटरीतल्या चुलत्यापेक्षा लय कडक हाय!"

* * *

मग ठरवलं, प्रोग्रॅम आधी वर्गातच चालवायचा. पोरंच कॉम्प्युटर! एकाने कार्ड वाचायचं, दुसऱ्याने हिशेब करायचा. शिवाजी म्हणजे मेमरी, सगळे आकडे त्याच्या डोक्यात.

एकदा ऐन रंगात प्रिन्सिपल आले, तर सगळे गप्प उभे.

"काय हो, बंद पडला की काय तुमचा कॉम्प्युटर?"

मागून आवाज आला, "सर, मेमरी स्टँडवर डबा आणाय गेलीया!"

गावाकडचा डबा एसटीने यायचा, त्यापुढे कॉम्प्युटरची काय पत्रास!

* * *

दसरा झाला आणि शेवटची खेप घेऊन मी आणि शिवाजी पुण्याला गेलो. तिथल्या ऑपरेटरने खोका उघडला आणि ओरडलाच. वरच्या कार्डावर हळद-कुंकू, शिवाय झेंडूचं फूल!

"अहो, मशीन बिघडेल माझं! हे काय आहे?"

शिवाजी म्हणाला, "आवं, खंडेनवमीला नांगराला लावतो, सायकलीला लावतो. मग ह्येलाच का न्हाई?"

मी ते कार्ड काढून खिशात घातलं, त्याच्या जागी नवं पंच केलं. गठ्ठा आत गेला. विषय राहणार की पुन्हा दुर्बीण?

प्रिंटर खडखडला. उत्तर बरोबर! अगदी बरोबर! शिवाजीने मला चक्क उचललं. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

ऑपरेटरने कागद दोनदा तपासला. मग दाराकडे बघून हळूच म्हणाला,

"सर, ते कुंकवाचं कार्ड इथेच ठेवून जाता का? माझा प्रोग्रॅम महिनाभर अडकलाय!"