न आलेलं रीळ

जगात विश्वास ठेवण्यासारखं जे जे काही आहे, त्या सगळ्यावर एकाच वेळी विश्वास ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे साडू होते. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली आणि माझी धाकटी. मी रत्नागिरीत शाळेत विज्ञान शिकवायचो आणि ते मिरकरवाड्याला मच्छीसाठी बर्फ करणाऱ्या एका कारखान्यात मशीन सांभाळायचे. ग्रामदेवतेवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच हवामानाच्या बातम्यांवर. ताप आला की ते गावाहून आणलेला अंगारा लावायचे आणि लगेच सायकल काढून डॉक्टरकडे सुई घ्यायला जायचे. ताप उतरला की एक नारळ देवळात ठेवायचे आणि दुसरा डॉक्टरांच्या टेबलावर. डॉक्टर संकोचून म्हणायचे, "अहो, मला नारळ कशाला?" तर हे म्हणायचे, "कुणाच्या हातनं उतारा पडला ते आपल्याला काय ठावं? उगाच एकावर अन्याय नको."

कारखान्यात मशीन चालू करण्याआधी ते त्याला हळदकुंकू वाहायचे, उदबत्ती ओवाळायचे आणि मग दाबाच्या घड्याळाचा काटा इतक्या बारकाईने बघायचे की मालकसुद्धा पाठीमागे गप्प उभा राहायचा. मी एकदा चिडवलं, "साडूभाऊ, देवावर भरवसा आहे तर काटा कशाला बघता?" ते म्हणाले, "मशीन देवच चालवतो मास्तर. पण काटा बघायला त्यानं मला ठेवलाय ना!" बर्फाची लादी बाहेर निघाली की इतक्या वर्षांनंतरही ते तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखे बघत उभे राहायचे. लादीच्या मधोमध जो पांढुरका पट्टा असतो, तो दाखवून एकदा म्हणाले, "हा पाण्याचा श्वास. गोठताना आत अडकतो." मी लगेच मास्तरकीवर आलो. पाण्यात विरघळलेली हवा गोठताना मधे लोटली जाते, वगैरे सगळं समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, डोळे मोठे केले आणि म्हणाले, "म्हंजे खरंच श्वासच की हो!" माझं स्पष्टीकरण कुणाला ऐकवलं तर तो माणूस शहाणा व्हायचा, हे मात्र दुप्पट चकित व्हायचे. मला ते फार खटकायचं. आता वाटतं, मला त्यांचा हेवा वाटत असावा.

त्यांचा सगळ्यात मोठा नाद रेडिओचा. पण गाण्यांचा नाही, बातम्यांचाही नाही. दोन केंद्रांच्या मधे जी नुसती खरखर ऐकू येते, ती ते ऐकायचे. पडवीत झोपाळ्यावर बसून, कान रेडिओला लावून. मी त्यांना कधीतरी सांगून बसलो होतो की त्या खरखरीतला थोडासा भाग आभाळातून, ताऱ्यांकडून येतो. तेव्हापासून हे सुरू झालं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, आतून ओरडायच्या, "मी कालवणात मीठ बघा म्हणत्ये ते ह्यांना ऐकायला येत नाय, आणि आभाळातलं बरं ऐकायला येतं!" हे हात वर करून म्हणायचे, "गप गो जरा. कुणीतरी बोलायच्या बेतात हाय."

त्यांच्या गावच्या देवळात मी त्यांच्याबरोबर एकदा कौल बघायला गेलो होतो. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, माणूस आपला प्रश्न सांगून पुढ्यात बसतो, आणि उजवीकडची पाकळी आधी गळली तर होय, डावीकडची गळली तर नाही. आम्ही बसलो. बराच वेळ काहीच पडेना. माझे पाय अवघडले. ते मात्र त्या पाकळ्यांकडे असे बघत होते की आजूबाजूचं देऊळ त्यांच्या लेखी उरलंच नव्हतं. शेवटी एक पाकळी पडली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वाळली म्हणून पडली." ते म्हणाले, "ते मला पण दिसतं मास्तर. पण आपण विचारलं, तर पडेपर्यंत उठायचं नाय. निम्म्यात उठलं की विचारणाराच खोटा ठरतो." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शाळेच्या विज्ञान मंडळाचा मी चिटणीस होतो, आणि गावात विज्ञाननिष्ठ म्हणून माझा थोडा दबदबाही होता. मुलांना दाखवायला मी मुंबईहून एक इंग्रजी सिनेमा मागवला. एक शास्त्रज्ञ बाई दूरच्या ताऱ्याकडून येणारी टकटक ऐकते, उलट निरोप पाठवते, लोक तिला वेडी म्हणतात, आणि अखेर एके दिवशी समुद्रकिनाऱ्यावर एक प्रकाश उतरतो, अशी गोष्ट. मी ती साडूंना आधी सांगितली तर ते एकदम सरसावून बसले. "म्हंजे ती बाई कौल लावून बसल्ये!" मी म्हटलं, "छे हो, कौल कसला? त्या रेडिओलहरी असतात." "तेच ते. विचारायचं, आणि पडायची वाट बघायची. आपला देव जवळ हाय, तिचा लांब. एवढाच फरक." त्या दिवसाची त्यांनी कारखान्यातून रजा काढली.

सिनेमा दुपारी होता. सकाळी मी एकट्याने प्रयोगशाळेत प्रोजेक्टर लावून शेवटचं रीळ तपासायला घेतलं. इंग्रजी सिनेमा, शेवटी काही भलतंसलतं नको, एवढाच हेतू. प्रकाश उतरला. त्यातून कुणीतरी बाहेर आलं. ती बाई वाळूतून चालत पुढे गेली, थांबली, आणि तिने गुडघे टेकले. मी तिथेच बटण बंद केलं. शास्त्रज्ञ बाई गुडघे टेकते! वर्षभर मी मुलांना सांगत आलो होतो की विज्ञान कुणापुढे वाकत नाही, आणि मीच मागवलेल्या सिनेमात हे! मी ते रीळ डब्यात घातलं आणि प्रयोगशाळेच्या कपाटात, बरण्यांच्या मागे ठेवून कुलूप लावलं.

दुपारी सभागृहाच्या खिडक्यांना होड्यांची जुनी शिडं बांधून काळोख केला होता. पोरं खच्चून भरली होती. मुख्याध्यापक पुढच्या खुर्चीत होते, आणि त्यांच्या मागे साडू, धुवट सदरा घालून, लग्नाला आल्यासारखे. मी माइकवरून मराठीत सांगत होतो. सिनेमा असा काही रंगला की खोकायलाही कुणी धजेना. पडद्यावरची बाई कानाला यंत्र लावून खरखर ऐकायला लागली तेव्हा मी सहज साडूंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. घरी ज्या गोष्टीवरून ते बोलणी खायचे, ती गोष्ट साता समुद्रापलीकडे कुणीतरी करत होतं.

प्रकाश आभाळातून खाली यायला लागला आणि रीळ संपलं. मी दिवे लावले आणि सांगितलं, "शेवटचं रीळ मुंबईहून आलेलंच नाही."

जो काही गोंधळ झाला! बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या, मुख्याध्यापक उभे राहून "शांतता, शांतता" म्हणायला लागले तर त्यांनाच कुणी ऐकेना. तेवढ्यात आमचे साडू उठले, पडद्यासमोर गेले, त्या कोऱ्या पांढऱ्या पडद्याकडे तोंड करून त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवासमोर घालतात तसं.

"बा आभाळाच्या धन्या म्हाराजा! आज ह्या शाळंत जमलेली समदी लेकरं तुझ्याकडं तोंड करून बसल्येत रे म्हाराजा!"

कोकणातली पोरं ती. गाऱ्हाणं म्हटलं की तोंडून आपोआप येणारच. सगळं सभागृह गरजलं, "व्हय म्हाराजा!"

"लांबनं येणाऱ्या पाव्हण्यांची वाट चुकली असंल, तर ती सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि त्यांचं रीळ जिथं कुठं अडाकलं असंल तिथनं सोडीव, ज्याच्या हातात असंल त्याला सुबुद्धी दे, आणि आमच्या मास्तरांच्या कष्टाला यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात मुख्याध्यापकांचा आवाज होता. आणि माइक चालू राहिल्यामुळे सगळ्यांत मोठा ऐकू आला तो माझा. श्रद्धा आत येऊ नये म्हणून मी रीळ कोंडलं होतं, आणि भिंतीपलीकडच्या त्या कपाटाला ऐकू जाईल एवढ्याने मीच देवाला होकार देत होतो. पोरं मात्र शांत झाली, आणि सिनेमा पूर्ण झाल्यासारखी समाधानाने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे डबे मुंबईला परत गेले, कपाटातला धरून. माझ्या लेखी विषय संपला. साडूंच्या लेखी तो सुरू झाला होता. त्यानंतर जेव्हा म्हणून भेट झाली, लग्नात, बारशात, मासळीबाजारात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मास्तर, रीळ आलं काय हो?" मी म्हणायचो, "नाही अजून." "येईल, येईल," असं उलट तेच मला धीर द्यायचे. एकदा तर एका मयतीला गेलो होतो, तिथे माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं. लोकांना वाटलं, सांत्वन करतायत.

एका संध्याकाळी आम्ही आरे-वारेला वाळूत बसलो होतो. सूर्य पाण्याला टेकला होता. ते पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "त्या बाईनं काय केलं असंल हो, तो पाव्हणा समोर आल्यावर?" खरं ते माझ्या ओठांवर आलं होतं. तरी मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "बसली असंल. एवढ्या लांबनं आलेल्या माणसाशी कोण उभ्यानं बोलतं? आधी बसायचं. बाकी सगळं मागनं." मी हसलो. मनात म्हटलं, बसते कुठली, गुडघे टेकते! पण बोललो नाही. बोललो असतो तर मी खोटं बोललो होतो हेही सांगावं लागलं असतं.

पुढे ते थकले. औषधपाण्यासाठी कोल्हापूरला नेलं होतं, तिथून परतताना ते आमच्याकडे चहाला थांबले. त्या दिवशी मी ठरवलं होतं, त्यांनी विचारलं की सांगून टाकायचं. ते पडवीत बसले. चहा बशीत ओतून प्यायले. यंदा आंब्याला मोहोर कसा आहे, कारखान्यात नवीन मशीन कसं कुरकुरतं, सगळं बोलले. मी वाट बघत राहिलो. ते उठले, चपला पायात घातल्या, माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "येतो मास्तर." त्यांनी विचारलंच नाही. आणि मी इतका कद्रू, की विचारल्याशिवाय सांगितलं नाही. आंबे उतरायच्या आत ते गेले.

गेल्या वर्षी माझ्या नातीने तो सिनेमा कुठूनसा शोधून काढला आणि तिच्या संगणकावर मला लावून दिला. शेवट आला. प्रकाश उतरला, ती बाई चालत पुढे गेली, तिने गुडघे टेकले. माझा हात पुन्हा बटणाकडे गेला. या वेळी मी तो मागे घेतला. ती बाई गुडघ्यांवर थांबलीच नाही. ती खाली वाळूत मांडी घालून बसली, कारण समोरचा पाहुणा उंचीला लहान मुलाएवढा होता. मग तो पाहुणाही तिच्या शेजारी बसला. दोघं समुद्राकडे बघत राहिले. कुणी कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. सिनेमा संपला. तो नमस्कार होता की नुसतं बसणं, हे मला अजून सांगता येणार नाही. विज्ञान शिकवणाऱ्या मी पूर्ण न बघता निष्कर्ष काढला होता, आणि ज्या माणसाला मी भाबडा समजत होतो तो पाकळी पडेपर्यंत बसून राहिला होता.

मी अक्कांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. कपाट, कुलूप, बरण्या, सगळं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी ऐकलं. मला वाटलं, आता शिव्या देतील. मला त्या हव्याही होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भावोजी, मंग बसली काय ती बाई?"

"बसली."

"आणि तो पाव्हणा?"

"तोही बसला."

"ह्यांनी मला तसंच सांगितलेलं," त्या म्हणाल्या, आणि सूप बाजूला ठेवून पदराने डोळे पुसले.

झोपाळ्याशेजारी त्यांचा रेडिओ अजून आहे. अक्का तो रोज पुसतात, पण काटा त्यांनी हलवलेला नाही; दोन केंद्रांच्या मधे, साडूंनी ठेवला होता तिथेच आहे. मी चालू करायचं बटण फिरवलं. खरखर सुरू झाली. मी झोपाळ्यावर बसलो आणि त्या खरखरीला म्हटलं, "साडूभाऊ, रीळ आलं."

खरखर चालूच राहिली. मी उठलो नाही. आतून अक्कांनी मीठ बघायला हाक मारली, तेव्हा मीच हात वर करून त्यांना थांबवलं.