कडेचा माड

“कुणी घासल्या? मला फक्त एवढंच सांगा, कुणी घासल्या!”

मॅडम ओरडत होत्या. आता ओरडणं म्हणजे किती, तर समोर पूर्णगडाच्या तटावर बसलेले कावळे उठून गेले. त्याच सुमाराला तिकडे मिरकरवाड्याच्या बंदरात सुरमईचा लिलाव चालला होता, तोही क्षणभर थांबला, असं मला नंतर एका खलाशानं शपथेवर सांगितलं. मिरकरवाडा इथून बराच लांब आहे, पण माणूस सुरमईची शपथ घेऊन खोटं कशाला बोलेल?

मी त्याच वेळी संगमेश्वराहून आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण पचवत घरी येत होतो. खाडीच्या वळणावरच आवाज ऐकला आणि मनात म्हटलं, आपल्याच धक्क्यावर कुणीतरी बुडालंय. धावत गेलो तर बुडालेलं कुणी नव्हतं. मॅडम धक्क्याच्या कडेला उभ्या होत्या, हातात दोरी, आणि दोरीच्या टोकाला ताटाएवढी लोखंडी प्लेट. स्वच्छ. नुसती स्वच्छ नव्हे, तेल पाजलेली, काळी कुळकुळीत. मधोमध कुंकवाचं बोट.

मागं उलट्या घातलेल्या होडीवर आमचे चुलते बसले होते. जन्मभर तांडेलकी केलेला माणूस. आता होडीवर जात नाहीत, पण कुठल्या होडीनं काय करायचं ते घरबसल्या सांगतात. त्यांच्या चेहऱ्यावर, आता आपलं कौतुक होणार, असा भाव होता.

“मी घासल्या गो बाय,” ते म्हणाले. “सगळ्या. मागल्या बाजूनंसुद्धा.”

मॅडमच्या हातून दोरी सुटली.

या प्लेटींचं प्रकरण असं. मॅडम घाटावरच्या, नगरकडच्या. शिकून शिकून अशा ठिकाणी पोचल्या होत्या की त्यापुढे शिकायला समुद्रच उरला होता. त्यांची प्रयोगशाळा अणुवीजकेंद्रांसाठी काम करायची. अणू म्हटल्यावर गावानं आधी आमच्या धक्क्याला लांबून वळसा घालायला सुरुवात केली. मग मॅडमनी आमच्या पडवीत बसून, चहाच्या कपाची बशी हातात धरून सगळं समजावून दिलं. हे काम नुसतं पाण्याचं आहे, असं कळल्यावर गाव जरा निराश झालं.

अणुवीजकेंद्राला तहान फार. आतली भट्टी वाफ करते, वाफ चक्र फिरवते, इथवर ठीक. पण त्या वाफेचं परत पाणी करायचं तर तिला गार करायला हवं, आणि त्यासाठी केंद्र समुद्रच पितं. बोगद्याएवढ्या नळांतून अष्टौप्रहर पाणी आत, पाणी बाहेर. आता तुम्ही कालव आहात असं समजा. बाहेर खडकावर बसलात तर लाटा मारतात, ऊन लागतं, ओहोटीला बायका कोयती घेऊन येतात. आत नळात बसलात तर सावली, वारा नाही, कोयती नाही, आणि जेवण वाहत्या पाण्यातून थेट तोंडात. कोण बाहेर राहील? कालवं बसतात, शिनाणे बसतात, गोटीएवढ्या पांढऱ्या टोकदार कवच्या बसतात, एकावर एक बसतात, आणि नळ गुदमरतो. पाणी कमी पडलं की भट्टी मंद करावी लागते. म्हणजे अर्ध्या राज्याचे दिवे शिनाण्यांच्या मर्जीवर.

“मग औषध घालत नाय?” चुलत्यांनी विचारलं होतं.

“क्लोरीन सोडतात, काका. पण शिनाण्यांना चाहूल लागली की ते शिंपा मिटून घेतात. क्लोरीन थांबेपर्यंत गप्प बसून राहतात, कितीतरी दिवस.”

“हे काका ग्रामसभेत बसतात तसे,” आमची बायको आतून म्हणाली.

भरपूर क्लोरीन सोडावं, तर तेच पाणी परत समुद्रात जाणार, म्हणून तेही मापानंच. तेव्हा नळांना आतून असा रंग द्यावा की त्यावर कोणी बसूच नये, हा दुसरा उपाय. असे बरेच रंग होते. लाल, करडा, निळा, पिवळा. त्यांत एक हिरवा, मॅडमनी स्वतः तयार केलेला. प्रत्येक रंगाची एक प्लेट, आणि एक प्लेट नुसतीच, बिनरंगाची, तुलनेसाठी. सगळ्या आमच्या धक्क्याला ओळीनं टांगलेल्या. दिवाळी झाल्यावर पाण्यात सोडायच्या, पावसाच्या तोंडाशी काढायच्या, आणि कुणावर किती बसलंय ते खरवडून वजन करायचं.

आमची खाडी का निवडली, हे मला विचारा. आमच्या खाडीइतकं पटकन कालवं बसवणारं पाणी जगात नाही. एकदा आमची तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, गणपतीपासून शिमग्यापर्यंत एका जागी बांधलेली राहिली. सोडायला गेलो तर तरीपेक्षा कालवंच जास्त. शेवटी ती होडी काढून घेतली आणि कालवांवर बसून पलीकडे गेलो. माझा एक आतेभाऊ गुडघाभर पाण्यात उभा राहून दुबईला फोनवर बोलत होता. बोलणं लांबलं. फोन ठेवून निघतो तर पाय उचलेना. असो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पाण्याचं तापमान किती होतं?” तेव्हाच मला कळलं, ही पोर कामाची आहे.

पण त्यांची नोकरी कच्ची होती. हिरव्या प्लेटीनं यंदा काही करून दाखवलं तर मॅडम कायम होणार, आणि त्यांचा रंग केंद्राच्या खऱ्या पंपघरात लागणार. नाहीतर सामान बांधून नगर. हे त्यांनी आमच्या बायकोला गुपित म्हणून सांगितलं होतं. त्यामुळे सगळ्या गावाला माहीत होतं. आणि प्रयोगशाळेचे मोठे साहेब नेमके त्याच दुपारी प्लेटी बघायला येणार होते, हेही.

तर आता चुलते.

इकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात. उलट्या घालतात, बूड खरवडतात, काजूच्या टरफलांचं तेल पाजतात आणि वर माडाचे झाप शाकारतात. पावसाच्या तोंडाशी पाण्यातली कुठलीही वस्तू घाणेरड्या बुडानं ठेवली तर पुढल्या हंगामात मासळी पाठ फिरवते, अशी चुलत्यांची ठाम समजूत. त्यांनी आमची होडी केली. शेजाऱ्याची केली, न विचारता. डब्यात तेल उरलं. आणि समोर धक्क्याला त्या प्लेटी.

“अगो, मी बगत होतो ना दर महिन्याला,” ते मॅडमना समजावू लागले. “तू वर काढतंस, फोटो काढतंस, आणि तशीच घाण परत खाली सोडतंस. मनात म्हटलं, पोर हुशार हाय, पण हाताला वळण नाय. आज तुजा साहेब येनार. पोरीच्या नोकरीचा प्रश्न. त्यानं असली घाण बगितली तर ठेवील काय तुला?”

मॅडम होडीला टेकून खाली बसल्या. ओरडणं संपलं होतं. ओरडणं बरं होतं, असं वाटायला लागलं.

“काका,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “ती घाण म्हणजेच माझं काम होतं.”

चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहिलं. बायको पाणी घेऊन आली आणि चुलत्यांना म्हणाली, “बरा केलात. आता पुढल्या होळीला तिचं घर पण पेटवा.”

फोटो होते, पण फोटोचं वजन होत नाही. शिवाय खरं काय ते शेवटच्या महिन्यात बसतं, आणि त्याचे फोटो अजून काढायचेच होते. आणि प्लेटींवर तेल असं मुरलं होतं की कुठली लाल, कुठली निळी, देवालाच ठाऊक. मॅडमनी एकेक वर ओढली. सगळ्या सारख्या, जुळ्या बहिणींसारख्या. कुंकवासकट.

“आणि खरवडलेलं कुठं टाकलंत?” असं त्यांनी विचारलं ते, मला वाटतं, काहीतरी बोलायचं म्हणून. “खाडीतच ना?”

चुलते एकदम दुखावले. “खाडीत? फुकट? माडाला घातला.”

हे न समजणारा माणूस रत्नागिरीबाहेरचाच. मासळीचं डोकं, कोळंबीची सालं, कालवांच्या शिंपा, जे काही समुद्रातून येतं आणि पोटात जात नाही ते माडाच्या बुंध्याशी जातं. आमच्या धक्क्यापासून घरापर्यंत माडांची एक ओळ आहे. चुलत्यांची त्यांच्यावर पोटच्या पोरांपेक्षा जास्त माया. पोरं मुंबईला गेली, माड कुठं गेले नाहीत.

“कुठल्या माडाला?”

“सगळ्यांना. एका माडाला एक प्लेट. एकालाच सगळं घातला तर बाकीचे काय म्हनतील?”

मॅडम उठल्या. मी सांगतो, बसलेलं माणूस इतक्या वेगानं उभं राहिलेलं मी तोवर फक्त एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा खाली विंचू होता.

पहिल्या माडाशी त्या गुडघ्यांवर बसल्या आणि हातांनी तो ढीग उकरू लागल्या. वास असा होता की आमचं कुत्रं लांब जाऊन शिंकत होतं. मॅडमनी शिंपांच्या चुऱ्यातून नखाएवढी एक खपली उचलली, उजेडात धरली. लाल. पुढच्या माडाशी करडी. मग निळी. चुलत्यांनी कोयत्यानं खरवडताना शिंपांबरोबर रंगही थोडा थोडा आणला होता. एका माडाशी खपल्या कसल्याच नव्हत्या, नुसता गंज, आणि ढीग मात्र सगळ्यांत मोठा, वर मुंग्यांची जत्रा.

“ही बिनरंगाची,” मॅडम म्हणाल्या. “काका, यातलं काही उचललंय कुणी? कावळ्यांनी? कोंबड्यांनी?”

“माज्या माडाच्या ताटातलं?” चुलते म्हणाले. “सकाळपासून राखतोय मी. कावळ्यांना धोंडे मारून हात दुखतोय.”

पिवळी सापडली. हिरवी सापडेना. मॅडम ओळीच्या शेवटी, घराच्या बाजूच्या कडेच्या माडाशी गेल्या. तिथं ढीग नव्हताच.

“इथं काय घातलंत, काका?”

इथं चुलते प्रथमच खजील झाले. “त्याचं काय झाला गो बाय, ती शेवटची प्लेट कंजूस निघाली. लय खरवडली. काय येयाच नाय. नुसता बुळबुळीत. शेवटी रंगच थोडा निघाला, तो टाकला. माड बिचारा बगत राह्यला माज्याकडं. उद्या मी त्याला बांगड्याची डोकी घालनार हाय, भरपाई.”

मॅडम वाकल्या. बुंध्याशी मातीत हिरवे साबणाच्या किसासारखे तुकडे पडले होते. मूठभर. शिंप एकही नाही. म्हणजे जवळून बघितल्यावर दोनचार बारक्या पांढऱ्या कवच्या होत्या, पण त्याही अशा की चुकून आलेल्या पाहुण्यांसारख्या.

मॅडम रडायला लागल्या. चुलते घाबरले. “आताच घालतो,” म्हणाले. “आताच घालतो बांगडे. रडू नको.”

मोठे साहेब आले ते जेवणाच्या वेळेला. शांत माणूस, चष्मा, पायात बूट, सोबत एक वजनकाटा जो काचेच्या पेटीत ठेवायचा असतो. त्यांनी आधी प्लेटी पाहिल्या. मग प्लेटींवरचं कुंकू पाहिलं. मग मॅडमनी त्यांना माडांच्या ओळीतून नेलं आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं: कुणी घासल्या, का घासल्या, कशानं. साहेबांनी घड्याळात पाहिलं. मला वाटलं, संपलं. बायकोनं आत देव पाण्यात ठेवले.

साहेब पहिल्या माडाशी उकिडवे बसले, रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, “मोठा काटा आहे का?”

आमचा मासळी तोलायचा काटा आणला. ढीग टोपलीत भरायचा, काट्याला लावायचा, साहेब वाचायचे, मॅडम फोनमध्ये नोंद करायच्या. चुलते शेजारी उभे. प्रत्येक वजनानंतर ते टोपली हातातून काढून घ्यायचे आणि परत त्याच माडाशी ओतायचे. एकदा साहेब चुकून निळ्याचं करड्याला घालायला लागले तर चुलत्यांनी त्यांचा हात धरला. “साहेब, तो ह्याचा हाय.”

साहेबांनी मुकाट्यानं योग्य माडाला घातलं. मला वाटतं, आयुष्यात त्यांना एवढ्या जबर पर्यवेक्षकाखाली काम करायची वेळ आली नसावी.

कडेच्या माडाशी काट्यावर लावायला काही नव्हतं. साहेबांनी ते मूठभर हिरवे तुकडे तळहातावर घेतले, मग आपला काचेचा काटा उघडला. त्यावर वजन केलं. आकडा बघून त्यांनी चष्मा पुसला, परत बघितला.

मग आमच्या पडवीत कोकम सरबत पीत ते म्हणाले, “हे असं चालणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. वजन माडाखालचं धरता येत नाही. पुढच्या हंगामात परत लावायच्या. इथंच. हिरव्या प्लेटी जास्त लावा.” आणि पेला रिकामा करून, “तुमच्या पदाचं मी मुंबईत बोलतो. हंगामासाठी माणूस कच्चा ठेवून भागत नाही.”

मॅडमनी पेला खाली ठेवला आणि परत उचलला. तेवढंच केलं. बायकोनं आत देव पाण्यातून काढले, तो आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

साहेब निघाले. गाडीपाशी जाऊन परत वळले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता, असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. “पण यंदाच्या अहवालात,” ते कुणालाच न विचारता म्हणाले, “या हिरव्या प्लेटीपुढं मी लिहू तरी काय?”

चुलते बांगड्याच्या डोक्यांचं घमेलं घेऊन कडेच्या माडाकडे चालले होते. त्यांनी मान वळवली नाही.

“लिवा,” म्हणाले, “कडेचा माड उपाशी राह्यला.”