निळ्या बिल्ल्याचा नवस

मुंबईचा बेने इस्रायल ज्यू मनाशे पेणकर लंडनच्या ईलिंगमध्ये रेल्वेच्या अलीकडे राहायचा आणि मत मात्र पलीकडच्यांसारखं द्यायचा. अलीकडे बसचे ड्रायव्हर, फॅक्टरीतले कामगार, पंजाबी, आयरिश. हे सगळे लाल, म्हणजे मजूर पक्षाचे. पलीकडे झाडांचे रस्ते, बँकेतले साहेब, दारापुढे गुलाब; ते निळे, हुजूर पक्षाचे. सरकारं आली नि गेली, पण रुळांच्या दोन बाजूंची मतं काही इकडची तिकडे झाली नाहीत. अख्ख्या गल्लीत निळं पोस्टर एकाच खिडकीत होतं, आणि त्या खिडकीचे पडदे सिमाला धुवावे लागत.

सिमा त्याची बायको. दिवसभर हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या घालून ती घरी यायची, तेव्हा हा आरशासमोर कोटाला निळा बिल्ला लावत उभा असायचा. बिस्किटांच्या फॅक्टरीत तो टाइमकीपर होता. उशिरा येणाऱ्यांवर डोळे वटारणं, एवढीच सत्ता आयुष्यात वाट्याला आली होती; तेवढ्यावर तो स्वतःला राज्यकर्त्यांच्या पंगतीत बसवून मोकळा झाला होता.

अडुसष्ट सालच्या मे महिन्यात कौन्सिलची इलेक्शन आली. मिस्टर हॅरिसन नावाचा घरांचा दलाल निळ्यांकडून उभा राहिला. त्यानं मनाशेच्या खांद्यावर हात ठेवून ‘माय फ्रेंड’ म्हटलं, आणि मनाशेनं घरी येऊन जाहीर केलं, “हॅरिसन निवडून आले की एलियाहू हन्नावींचा मलिदा करायचा. मी नवस बोललोय.” एलियाहू हन्नावी हे बेने इस्रायलींचे नवसाला पावणारे प्रेषित; काम झालं की त्यांच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करून प्रार्थना करायची.

“आपल्या पोरीला, रोझीला न्यूमोनिया झाला तेव्हा नाही सुचला तुम्हाला नवस,” सिमा म्हणाली. “या दलालासाठी सुचला?”

“तुला पॉलिटिक्स कळत नाही.”

“मलिदा कळतो ना. पोहे मलाच भिजवायचेत.”

रोज संध्याकाळी तो दारोदार पत्रकं टाकत फिरू लागला. एकदा कणीक मळता मळता सिमानं टेबलावरचं पत्रक वाचलं. ‘आपली वस्ती भरली आहे. गर्दी पुरे झाली. बाहेरून आलेल्यांना आधी घरं का?’

“अहो, हे आपल्याबद्दल लिहिलंय.”

“आपल्याबद्दल कसं असेल? पंजाब्यांबद्दल आहे ते. आपण घरातसुद्धा इंग्लिश बोलतो.”

“आत्ता कशात बोलताय?”

त्यानं पत्रक उचलून गठ्ठ्यात परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच पत्रक सिमाच्या धाकट्या भावाच्या, जोशुआच्या दारातून आत सरकवलं. मुंबईहून आलेल्या आपल्या प्रत्येक बेने इस्रायल घरी टाकलं. “आपल्याच माणसांना वगळलं तर पक्षपात दिसतो,” असं वर सांगितलं. या माणसाला अक्कल वाटताना एलियाहू हन्नावी दुसऱ्या गल्लीत गेले असावेत, असं सिमाला वाटलं.

हॅरिसन निवडून आला. रविवारी मलिदा ठरला, पत्रकं टाकलेल्या आपल्या घरांनाच आमंत्रणं गेली. पोहे आणि नारळ साउथहॉलच्या पंजाब्याच्या दुकानातून आले. त्या गर्दीबद्दल मनाशेची तक्रार नव्हती. सिमानं पोहे भिजवले, नारळ खोवला, साखर-वेलची घालून परात भरली, वर फळं मांडली. आता हवे होते दहा पुरुष. दहा जमल्याशिवाय प्रार्थना होत नाही, आणि प्रार्थनेशिवाय नवस फिटत नाही.

आले एलिशाकाका. त्यांना मोतीबिंदू होता, पत्रक वाचता आलं नव्हतं. त्यांच्याबरोबर त्यांना सोडायला आलेला जावई. बाकी खुर्च्या रिकाम्या. पोहे सुकायला लागले. एलिशाकाकांनी दोनदा विचारलं, “चुकीच्या दिवशी तर नाही ना आलो?” शेवटी मनाशेनं जोशुआला फोन लावला. सिमा शेजारीच उभी राहिली.

“अरे, आहात कुठे? इथे सगळे खोळंबलेत.”

“सगळे कोण, भावजी?” मागून हसण्याचा आवाज आला. “सगळे तर माझ्याकडे बसलेत.”

“तुझ्याकडे कशाला?”

“तुम्हीच कागद टाकलात ना? वस्ती भरली, गर्दी पुरे. म्हटलं, भावजींच्या घरात आणखी गर्दी नको करायला.”

मनाशेनं रिसीव्हर ठेवला. “जळतात साले,” तो पुटपुटला. मग एकदम घाबरून म्हणाला, “सिमा, नवस तसाच अंगावर राहिला तर गं?”

एवढ्या वर्षांत त्याला पहिल्यांदाच खरी भीती वाटलेली ती पाहत होती. कीव यायला हवी होती. आली नाही.

तिनं परातीवर स्वच्छ फडकं बांधलं आणि कोट चढवला. “काका, उठा. जोशुआकडे जाऊ. मलिदा कोणाच्या घरी झाला, हे एलियाहू हन्नावी विचारत नाहीत.” मग दारातून नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हीही चला. नवस तुमचा आहे.”

मनाशे उठला. दोन पावलं आला. मग त्यानं खिडकीतल्या पोस्टरकडे पाहिलं आणि कोटावरचा बिल्ला सरळ केला.

“मी कसा येऊ? हॅरिसन म्हणाले होते, जमलं तर पाच मिनिटं डोकावून जाईन. घरात कोणी नको का?” मग परातीकडे पाहत, “तू खरंच चाललीस? कुठे बसणार तिथे, एवढ्या माणसांत?”

“गर्दीत,” सिमा म्हणाली, आणि परात कमरेवर घेऊन पायऱ्या उतरली.