डेमोकाका म्हणाले, "संपले"

आमच्या दुकानात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. गिऱ्हाईक, मालक, समोरचा चहावाला, सगळ्यांचे ते डेमोकाकाच. फोनच्या काउंटरमागे बावीस वर्षं उभे होते, गिऱ्हाइकांना फोन चालवून दाखवत. मी त्याच दुकानात बिलिंगला, त्यांच्यापासून चार हातांवर. मला तिथं नऊ वर्षं झाली होती.

फोन विकणारे पुष्कळ पाहिलेत मी. गिऱ्हाईक आत आलं की यांची टकळी सुरू. काका आधी गप्प राहायचे, समोरच्याचे हात बघायचे. एका म्हाताऱ्या गृहस्थांची बोटं वाकडी झाली होती, तर त्यांना दुकानातला सगळ्यात स्वस्त, मोठ्या बटणांचा फोन दिला आणि वर म्हणाले, "मुलानं महागातला घ्यायला सांगितलंय ना? त्याला सांगा, तो संपलाय." म्हणजे खोटं त्यांना अगदीच वर्ज्य होतं असं नाही. पण ते गिऱ्हाइकाच्या भल्याचं असायचं, आणि लोकांना ते कळायचं. आईबाप त्यांच्याकडे मुलांना घेऊन येत, काही वर्षांनी तीच मुलं आईबापांना घेऊन येत.

थोरल्या मालकांना हे आवडायचं. ते वारले आणि धाकटे मालक गल्ल्यावर बसले. धाकटे मालक वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना घाई होती, एवढंच.

मग तो फोन आला. महिनाभर आधीपासून चौकाचौकात त्याची चित्रं लागली होती. किंमत जाहीर झाली त्या दिवशी दुकानात जत्रा. ऐंशी हजार! एक रिक्षावाला म्हणाला, "एवढ्यात दुचाकी येते. आणि ती निदान घरी तरी सोडते." सगळे हसले, पण हसणाऱ्यांतले निम्मे डेमो फोन हातात घ्यायला रांगेत उभे होते. कुणी म्हणे लूट आहे, कुणी म्हणे चीज तशी किंमत. दोन सख्ख्या भावांची काउंटरवर यावरून अशी जुंपली की काकांना मध्ये पडावं लागलं. ऑनलाइन विक्री दुपारी बाराला उघडली आणि पापणी लवेपर्यंत बंद झाली. ज्यांना मिळाला नाही ते चिडले आणि आमच्यासारख्या दुकानांवर येऊन धडकले.

त्या गर्दीत एक शिवणकाम करणारी बाई होती. सोबत सोळा-सतरा वर्षांची मुलगी. तापात मुलीचे कान गेले होते, दोन वर्षांपूर्वी. या फोनमध्ये म्हणे दुरून बोललेलंही अक्षरांत उमटतं, तेही लगेच. बाईंचा जाहिरातीवर विश्वास नव्हता. काकांनी डेमो फोन मुलीच्या हातात दिला, स्वतः दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, पंख्यांच्या खोक्यांपाशी गेले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वर्गात मागच्या बाकावर बसलीस तरी चालेल आता." मुलीनं पडद्यावर वाचलं. मग मान वर करून हसली. शाळा सुटली होती तिची, ऐकू येत नाही म्हणून.

"इतका महागाचा दुसऱ्या कुणाला घ्या म्हटलं नसतं," काका बाईंना म्हणाले. "तुम्ही घ्या. दुकानातल्या विक्रीच्या दिवशी लवकर या. पहिल्या दहांत असलात की तुमचा फोन माझ्याकडे लागला."

त्या दोघी विक्रीच्या दिवशी उजाडताच आल्या. रांगेत त्यांचा नंबर सातवा. दुकान दहाला उघडणार होतं. साडेनऊला मालकांनी काकांना मागच्या खोलीत बोलावलं. स्टॉकची यादी करायला मी तिथंच होते.

"चाळीस आलेत," मालक म्हणाले. "चार बाहेर विकायचे, लिहिलेल्या किमतीला. बाकीचे माझ्या यादीतल्या लोकांना तुमच्याच काउंटरवरून जातील. पंधरा हजार वर देतायत, कव्हर-काचेच्या नावाखाली घ्यायचे."

काका खोक्यांकडे बघत राहिले. "बाहेर शंभर माणूस उभा आहे."

"म्हणून तर तुम्ही सांगायचं. तुमच्यावर विश्वास आहे लोकांचा. मी सांगितलं तर दगड मारतील."

"थोरले मालक असते तर..."

"थोरले मालक गेले, काका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी यादीत मान घातली.

दहाला शटर वर गेलं. पहिले चार आत आले, पैसे देऊन बाहेर पडले, बाहेर टाळ्या वाजल्या. मग काका दारात गेले. त्यांनी हात जोडले.

"संपले," ते म्हणाले. "सगळे संपले. माफ करा."

आरडाओरडा झाला. शिवणकामवाल्या बाई पुढे आल्या. "काका, तुम्ही म्हणाला होतात."

"संपले, ताई. मी तरी काय करू?"

नेमकं त्याच वेळी पाण्याचा जार पोचवणारा माणूस मागच्या खोलीचं दार ढकलून बाहेर आला. दार काही क्षण उघडं राहिलं. आत पांढरी खोकी एकावर एक रचलेली. रांगेतला कुणीतरी व्हिडिओ काढत होता. पुढे काका हात जोडून "संपले" म्हणतायत आणि मागे खोक्यांची चळत. बारा सेकंदांचा व्हिडिओ. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर पोचला.

काकांची मुलगी कॉलेजात शिकत होती. तिनंच तो घरी आधी पाहिला. हे मला पुढे काकूंनी सांगितलं. जेवणं व्हायची होती. ती बापासमोर येऊन बसली, फोन पुढे धरला.

"बाबा, तुमच्या मागे खोकी दिसतायत."

"होती," काका म्हणाले.

तिनं व्हिडिओ बंद केला. आत निघून गेली. काकू म्हणाल्या, चिडली असती, भांडली असती तरी बरं वाटलं असतं.

त्या व्हिडिओखाली लोकांनी जे लिहिलं ते मी वाचायला घेतलं आणि सोडून दिलं. चोर, भामटा, दलाल. ज्या माणसानं आयुष्यात चमचासुद्धा उचलला नव्हता, त्याला लोक काय काय म्हणत होते. ज्यांना काकांनी फोन निवडून दिले होते अशीही दोन नावं मला त्यात दिसली. कुणीतरी त्या "संपले"ला ढोलाचा ठेका लावला. मग पोरंटोरं रस्त्यात काकांना बघून हात जोडायची आणि सुरात म्हणायची, "संपले!" काका मान खाली घालून पुढे जायचे.

मालक म्हणाले, आठ दिवसांत लोक विसरतील. विसरलेही असते कदाचित. पण अठराव्या दिवशी कंपनीनं किंमत उतरवली. एकदम वीस हजारांनी. का, ते कंपनीला ठाऊक. दुसऱ्या सकाळी यादीतली मंडळी दुकानात. पंधरा हजार वर मोजलेली माणसं ती, त्यांचा संताप कुणाला आवरणार? एका आडदांड गृहस्थानं काउंटरवरून हात घालून काकांची गचांडी धरली. शर्टाचं वरचं बटण माझ्या टेबलावर येऊन पडलं.

"कुणी घेतले पैसे? बोल!"

मालक गल्ल्यावरून उठले. मला वाटलं, सोडवतील. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला यातलं काही माहीत नाही. काउंटर हेच बघतात. मी आजच चौकशी करतो."

काकांनी मालकांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. कव्हर-काचेची छत्तीस बिलं मीच फाडली होती, मालकांनी शेजारी उभं राहून सांगितलेल्या आकड्यांची. प्रती माझ्या खणात होत्या. मला फक्त खण उघडायचा होता. घरी नवऱ्याचं काम सुटून वर्ष झालं होतं, दोन मुलं शिकत होती. मी ते बटण उचललं आणि मुठीत धरून बसले.

काकांना त्याच दुपारी फोनवर निरोप आला, उद्यापासून येऊ नका. बावीस वर्षांनंतर ओळ होती ती एकच, खाली मालकांचं नावही नव्हतं.

ते दुसऱ्या दुकानांत फिरले. एका ठिकाणी ठेवूनही घेतलं होतं, पण त्यांनी तोंड उघडलं की गिऱ्हाईक आवाज ओळखायचं आणि हसू दाबायचं. तिसऱ्या दिवशी तिथल्या मालकानं हात जोडले.

दोन महिन्यांनी शिवणकामवाल्या बाईंनी ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात अर्ज केला, दुकानाविरुद्ध. साक्षीला मलाही बोलावणं आलं, काकांनाही. लाकडी बाकांची खोली, खिडकीची एक काच फुटलेली, तिथं पुठ्ठा लावलेला. अधिकारी बाईंनी काकांना विचारलं, "तुमच्यावर दबाव होता, असं लिहू का?"

"मालकांनी सांगितलं, मी बोललो," काका म्हणाले. "दोन्ही लिहा."

मालकांच्या वकिलानं व्हिडिओतली खोकी रिकामी ठरवली आणि विचारलं, काही पुरावा? काका नाही म्हणाले. मग माझी पाळी. जादा रकमेची बिलं झाली होती का?

"आठवत नाही," मी म्हणाले.

बास. एवढंच विचारलं मला. पुराव्याअभावी तक्रार निकाली निघाली, पाणी प्यायला लागावा तेवढ्याच वेळात.

बाहेर व्हरांड्यात काका त्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. मुलगी सोबतच होती. मी जिन्याच्या तोंडाशी थांबले.

"ताई, मी चुकलो."

"फोन घेतला मी," बाई म्हणाल्या. "उतरलेल्या किमतीत. तसं पाहिलं तर तुम्ही दिला नाहीत ते फायद्याचंच झालं."

"मग हा अर्ज..."

"पैशांसाठी नव्हता." त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "ही ओठ वाचायला शिकलीय. तुम्ही दारात उभं राहून बोललात ना, तेव्हा ते दार उघडायच्या आधीच हिनं माझी बाही ओढली. म्हणाली, आई, हे खोटं बोलतायत. मी हिलाच रागावले. म्हटलं, काका तसे नाहीत. तुम्ही मला माझ्या पोरीसमोर वेडी ठरवलंत. ते कुठल्या अर्जात लिहायचं, मला कळलं नाही."

काकांनी हात जोडायला वर आणले आणि तसेच खाली सोडले. व्हिडिओतही तेच केलं होतं ना त्यांनी. मुलगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, काही बोलतील म्हणून. ते बाजूला झाले. त्या दोघी जिना उतरून गेल्या, माझ्या अगदी जवळून.

पुढे काकांना शहराबाहेरच्या एका गोदामात काम मिळालं. ऑनलाइन मागवलेल्या वस्तू खोक्यात भरायच्या, चिकटपट्टी लावायची, सरकत्या पट्ट्यावर सोडायच्या. बोलायची मुभा नव्हती आणि गरजही नव्हती. गुडघे सुजायचे. मुलगी दुसऱ्या गावी शिकायला गेली. फोन करायची, पण आईला.

एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मला राहवत नव्हतं, आणि एवढे महिने राहवलं होतं याचीच लाज वाटत होती. काका गुडघ्याला तेल लावत बसले होते. काकूंनी पाणी दिलं आणि त्या आत गेल्या.

"काका, बिलांच्या प्रती माझ्याकडे आहेत."

"ठाऊक आहे."

"मग त्या दिवशी पुरावा नाही असं वकिलाला का म्हणालात? माझं नाव का नाही घेतलंत?"

ते तेलाची बाटली बंद करत राहिले. झाकण नीट बसत नव्हतं. "तुझ्या घरात एकटीचा पगार. माझं एकाचं जायचं ते गेलं होतं. आणखी कुणाचं कशाला?"

"तुम्ही माझ्यावर चिडला नाहीत?"

"चिडलोय की," ते म्हणाले, अगदी साधेपणानं. "रोज चिडतो. पाणी पी."

मी पाणी प्यायले आणि आले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून छत्तीस बिलं त्या कार्यालयात नेऊन दिली. कारकुनानं सगळी चाळली. म्हणाला, "बाई, हे तेव्हा आणायचं. प्रकरण बंद आहे. फेरअर्जाची मुदतही टळली." तरी पोच द्या म्हटलं, तर शिक्का मारून दिला. ती बातमी मालकांपर्यंत कशी गेली कोण जाणे. महिना संपायच्या आत माझी जागा गेली. मला त्याचं वाईट वाटलं, पण जेवढं वाटेल असं धरून चालले होते तेवढं नाही.

काकांना फोन केला. मागे पट्ट्याचा खडखडाट येत होता. सगळं सांगितलं, पोच मिळाल्याचंही सांगितलं. काही उपयोग होणार नाही, हेही सांगितलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. मग कुणीतरी त्यांना हाक मारली असावी. "ठेवतो. माल आलाय."