सर्वानुमते

भिवपुरीजवळच्या आमच्या गावात मी बावीस वर्षं शिकवलं. गावची गुरचरणाची जागा एका रिसॉर्टच्या पार्किंगला देणार, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते अंगणवाडी चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने. ती बौद्धवाडीतली, मी वरच्या आळीतली. आमच्या सासवा एकमेकींच्या ओटीवर कधी बसल्या नाहीत. आम्ही दोघी मात्र एका डब्यात जेवायचो.

"बाई, ग्रामसभेनं नाय म्हनलं तर जागा जात नाय," ती म्हणाली.

मी मुलांना नागरिकशास्त्र शिकवलेलं. मला हुरूप आला. तीन आठवडे आम्ही दारोदार हिंडलो. दोन्ही वाड्यांनी सह्या दिल्या, वर चहाही पाजला. इतकी माणसं एका कागदावर मी आधी कधी पाहिली नव्हती.

सभेच्या दिवशी निम्मं गाव कुणीतरी फुकटच्या गाडीतून देवदर्शनाला नेलं. गणपूर्ती होईना, सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या सभेला आम्ही चौदाजण होतो. ठराव घरून लिहून आणल्यासारखा भराभर वाचला गेला. शेवटी, "सर्वानुमते मंजूर."

माझी मैत्रीण उठली. "सर्वानुमते कसं? माझा विरोध हाय. लिवा."

"यांचं नेहमीचंच हाय," मागून कुणीतरी म्हणालं. चारदोनजण हसले.

"आणखी कुणाचा विरोध?" सरपंचांनी विचारलं.

माझा धाकटा दीर पुढच्या रांगेत होता. त्याच्या टेंपोला रिसॉर्टचं काम मिळायचं होतं. तो मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. सह्यांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पर्सची चेन उघडली, आणि तशीच बसून राहिले. उद्या घरात काय होईल, एवढंच डोक्यात होतं. कार्यवृत्तात तिचा विरोधही लिहिला गेला नाही.

बाहेर आल्यावर तिने चपला घातल्या. मग म्हणाली, "मी एकटी बोलले तर ते माज्या वाडीचं भांडन होतं. तुमी नुसत्या उभ्या राहिल्या असत्या तर ते गावाचं झालं असतं."

"अगं, मला सुचलंच नाही," मी म्हणाले. ते खोटं आहे हे तिला कळत होतं.

महिन्याभरात जागेला पत्र्याचं कुंपण लागलं. तिच्या अंगणवाडीविरुद्ध निनावी तक्रार गेली. चौकशीत काही निघालं नाही, पण वरच्या आळीने मुलं पाठवणं बंद केलं. ज्या बायांनी सह्या केल्या होत्या, त्यांनीच. मी त्यांच्या घरी जाऊन बोलले. "आमाला कशाला मधी घेता?" त्या म्हणाल्या. या वेळी चहा कुणी विचारला नाही.

ती आता ग्रामसभेला येत नाही. मी जाते, सही करते, मागच्या बाकावर बसते. दोघी उठलो असतो तरी जागा गेलीच असती, असं मी मनाला सांगते. बहुधा ते खरंही असेल. तिच्या घरी मात्र मला अजून जाववत नाही.